चावायचं नाही

मिशिगन सरोवरावरून वारा सुटला की
इथल्या खिडक्या आतून गोठतात.
ऐंशी पोरं, ऐंशी लोखंडी खाटा,
एकाचं डोकं भिंतीकडे, शेजाऱ्याचं वाटेकडे,
म्हणजे खोकला निदान पायांवर पडावा.

सत्तावीस वर्षं मी या रांगेच्या टोकाला आहे,
आधी गणवेशात, आता साध्या कपड्यांत.
बाह्या वर. दोन्ही दंड उघडे.
डावीकडून एक सुई, उजवीकडून एक.
नेब्रास्काचा तो धिप्पाड यॉर्गन्सन,
अडलेलं वासरू म्हणे त्याने एकट्याने ओढून काढलं होतं,
सुई दिसली आणि माझ्या बुटांवर आडवा झाला.
हसू नका, म्हणालो. हसलेच.

शेवटी दोन गोळ्या.
एक पांढरी, एक पीचच्या सालीसारखी फिकट.
आत विषाणू आहे, जिवंत.
आतड्यात उतरला तर राखणदार,
घशातच सुटला तर भलतंच.
म्हणून प्रत्येकाला तेच सांगतो:
चावायचं नाही, गिळायचं.
तशी इथे सवय गिळण्याचीच लावतात,
शिव्या, उलट उत्तरं,
घरच्या फोननंतरचा आवंढा.
त्यात दोन गोळ्या म्हणजे काय.

मध्ये बरीच वर्षं गोळ्याच नव्हत्या.
कारखान्याला परवडेना,
आणि वरच्या कुणाला ती रक्कम जास्त वाटली.
त्या हिवाळ्यांत रात्रीच्या फेरीला
मी खाटा मोजत नसे, खोकले मोजत असे.
तेरा. एकतीस.
एका पहाटे मोजायचंच सोडून दिलं.

डार्नेल प्रूइट, वय एकोणीस,
तापाने फणफणलेला, ओठ निळसर,
मला विचारतो, शुक्रवारचं संचलन बुडेल का माझं?
आई येतेय टल्साहून, बसने,
तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.
नाही बुडणार, म्हणालो.

तिकीट वाया गेलं नाही.
ती आली. बुधवारीच आली.

आता गोळ्या आहेत पुन्हा.
रात्री फिरतो तर हीटरची टकटक,
कुणी झोपेत बरळतं, कुणी दात खातं.
एवढ्या शांततेत मला झोप येत नाही,
ते वेगळं.

आज रांगेत हिमेना म्हणून एक मुलगी,
तळहातावरच्या गोळ्या निरखत म्हणाली,
कशावर आहेत या?
खोकल्यावर.
एवढंच? साध्या खोकल्यावर?

मीही इथेच शिकलेला.
काही बोललो नाही.
पाण्याचा पेला पुढे केला.
आ कर. जीभ वर.
ठीक.
पुढचा.