कणसूर

दोन खणांची काळी पेटी
अकरा वर्षं फळीवर बसून आहे, शब्दकोशांना खेटून.
आता सत्त्याण्णव टक्के भरली
आणि तिच्यातली डावी डिस्क
पहाटेपहाटे दात खाते.

यागोदा पोझनानहून फोनवर सांगते:
बाबा, चार खणांची घ्या. एक डिस्क मेली
तरी बाकीच्या तिघी तिची आठवण जुळवून देतात.
आणि पाच हजार चारशे फेऱ्यांच्याच घ्या,
सात हजार दोनशेच्या तापतात, आवाज करतात.
मी विचारलं, कुठला आवाज?
आवाज म्हणजे आवाज, बाबा.

असं नसतं.
मिनिटाला पाच हजार चारशे म्हणजे सेकंदाला नव्वद.
नव्वद म्हणजे खर्जातल्या एफ आणि एफ-शार्पमधली फट,
तिथे कुठलाच पियानो राहत नाही.
आणि दोघी शेजारी फिरताना
एक जरी केसभर मागे पडली
की हवेत लाटा सुरू होतात, वूंऽ वूंऽ वूंऽ.
एकेचाळीस वर्षं कालिशमधल्या घराघरांत जाऊन
याच लाटा मोजल्या, खुंटी पिळून मारल्या.
आता त्या माझ्याच बैठकीत बिनभाड्याने राहतात.

दुकानातल्या पोराला म्हटलं, चालू करून ऐकव.
डोब्रोस्लाव त्याचं नाव, कानात बाळी.
म्हणाला, आजोबा, ही पेटी कुणी ऐकून घेत नाही.
किंमत ऐकतात आणि जातात.
किंमत ऐकली.
दोन महिन्यांचं पेन्शन, वर गॅसचं बिल.
प्रोस्नाच्या पुलावरून हात हलवत परत.

मग साधा हिशेब मांडला.
दर पियानोच्या दोन फायली: ‘आधी’ आणि ‘नंतर’.
‘आधी’ सगळ्या पुसल्या तर निम्मी पेटी मोकळी.
बेसूर कशाला जपायचं? नुसती खोगीरभरती.
चार हजार एकशे बारा निवडल्या.
पडद्याने अदबीने विचारलं, खात्री आहे ना?

निरोपापुरती एक ऐकू म्हटलं.
नोव्हेंबर चौऱ्याण्णव, बाबिना गल्ली, तिसरा मजला,
कॅसेटवरून उतरवलेली.
मधला डी अडकलेला
(आत आलुबुखाराची बी निघाली, मला आठवतं).
वरची पट्टी दाबली की कुत्रं भुंकतं,
खाली आलं की गप्प.
कुणीतरी लहान, सतरानंतर एकोणीस मोजतं,
आणि स्वयंपाकघरातून बाईचा आवाज:
लिंबू घालू का चहात?

त्याच दिवसाची ‘नंतर’ लावली.
स्वच्छ. एक लाट नाही.
कुत्रं नाही, पोर नाही, चहा नाही.
काम झालं की मीच दम द्यायचो ना सगळ्यांना:
आता दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही.
चार हजार घरं
दोन-दोन मिनिटं श्वास धरून बसलेली.

गुरुवारी चार खणांची आणली.
दाढेचं काम पुढच्या वर्षी.

नव्या पेटीत सगळं ओतायला एकतीस तास लागले.
खुर्ची ओढून बसलो, आजाऱ्याजवळ बसावं तसा.
हिरवे दिवे लुकलुकत होते,
डावी जुनी कण्हत, थांबत, परत कण्हत होती.
दुसऱ्या रात्री नव्वद टक्क्यांवर ती एकदा गप्पच झाली.
मी उठलो नाही. पाणीही प्यायलो नाही.
मग खरखरली. जीव भांड्यात पडला.

आता चौघी फिरतात.
पेटीच्या चार पायांखाली
जुन्या हातोड्यांचा नमदा कापून घातलाय,
लाकडात उतरणारी गुणगुण त्याने शोषली.
एक लाट तेवढी उरली आहे,
सात सेकंदांनी येते, वळते, जाते.
कणसूर.
हिला खुंटी नाही. कुठे पिळणार?

मायक्रोफोन काढला, तिच्यासमोर ठेवला,
तारीख सांगितली, पत्ता सांगितला, माझाच.
फायलीला नाव दिलं: ‘आधी’.
तेवढ्यात जिन्यात कुणाच्या तरी किल्ल्या पडल्या.
त्याही आल्या त्यात.