रंग कुठे चढला

सेगेड, फेब्रुवारी. तिसऱ्या मजल्यावरचा हीटर
सकाळपासून खोकतो आहे
आणि मी काचपट्टीवर शोधते आहे
एका प्रथिनाचा पत्ता.

अस्थिमज्जेचा काप, केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढा.
त्याला प्रतिपिंडाचं द्रावण पाजलंय;
जिथे ते प्रथिन, तिथे तपकिरी धरते,
चहाच्या कपाच्या बुडाशी राहते तशी.

निरोगी पेशीत हा रंग घर सोडत नाही.
केंद्रकाच्या आत केंद्रिका, तिच्यात त्याची बैठक:
रायबोसोमचे सुटे भाग जुळवायचे,
बाहेर पोचवायचे, रिकाम्या हातांनी परत यायचं.
दिवसातून किती खेपा, कोणी मोजलेलं नाही.
निदान मी तरी नाही.

नमुना चारशे सतरा.
बोग्लार्का केरेकेश, वय एकावन्न.
व्यवसाय: टिसा नदीवरची तर चालवते.

डॉक्टर हाल्मोश म्हणतात, बघ.
बघते.
केंद्रकं निळी, फिकट,
आणि भोवती, जिथे नसायला हवा तिथे,
रंग. कोणाचा तरी धक्का लागून सांडल्यासारखा.

चार अक्षरं, बस.
जनुकाच्या शेपटाशी चार अक्षरं आगाऊ घुसली
आणि प्रथिनाच्या अंगावर ‘घरी ये’च्या जागी
‘बाहेर जा’ उमटलं.
मारेकरी म्हणवत नाही मला त्याला.
गेलं, परतलं नाही;
जाताना धडधाकट जोडीदारालाही
मनगट धरून ओढत नेलं.
मागे, मोठं कसं व्हायचं ते विसरलेल्या
पोरसवदा पेशी
नुसत्या वाढत राहिल्या.

डॉक्टर म्हणतात, यातल्या त्यात बरं निदान.
औषधाला दाद देतं बहुतेकदा.
‘यातल्या त्यात’ला अहवालात रकाना नाही.
मी लिहिते: पेशीद्रवात पॉझिटिव्ह.

जेवणाच्या सुट्टीत नदीकडे गेले नाही.
जाऊन काय बघणार होते?
हिवाळ्यात तर बंद असते,
दोरखंडाला हिमकण, फळीवर कावळे.
पण एप्रिलमध्ये,
ती दर वीस मिनिटांनी परत यायचीच म्हणून
पलीकडच्या काठावर कोणी ना कोणी
सायकल टेकवून उभं असेल,
घड्याळ न बघता.

चारशे अठरा. पट्टी बदलते.
हीटर थांबलाय,
हे बऱ्याच वेळाने कळतं.