नऊ चिलाप्या

कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून निळा पिंप आणला,
आडवा कापलेला. आत कसल्याशा सरबताचा वास.
चार दिवस धुतला.
वर क्रेट, क्रेटमध्ये खडी,
खडीत पालक, पुदिना, आणि कोपऱ्यात
आयनं हट्टानं खोचलेला अळूचा कांदा.
खाली अकरा चिलाप्या, करंगळीएवढ्या.
खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची भिंतच दिसते,
म्हणून ऊन म्हणजे दोन ट्यूबलाइट.

"मावरा कदी कुनी पालतं का?" आय म्हणाली.
पस्तीस वर्षं ट्रॉम्ब्याहून पाटी घेऊन
चेंबूरच्या बाजारात बसलेली बाई.
मासा म्हणजे कल्ला उचलून बघायची वस्तू,
लाल आहे की नाही.

नळाला पाणी पावणेपाचला येतं.
ते तसंच ओतायचं नाही, त्यात क्लोरीन.
बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
हॉस्पिटलात रोज सकाळी पहिलं काम तेच:
डायलिसिसचं पाणी तपासायचं,
मगच माणूस मशीनला जोडायचा.

तरी दोन मेल्या.
तिसऱ्या आठवड्यात नळीतलं पाणी हिरवं,
मग काळपट हिरवं.
विष म्हणजे दुसरं काय, त्यांचंच मूत, त्यांच्याच घरात.
त्या विषाचं खत करणारे
डोळ्यांना न दिसणारे जीव
खडीवर अजून राहायला आले नव्हते.
त्यांना बोलावणं धाडता येत नाही.
थांबायचं.
आयनं दोघींचे कल्ले उचलून पाहिले, सवयीनं,
आणि पेपरात गुंडाळताना
पेपराची घडी जरा जास्तच नीट घातली.

सहाव्या आठवड्यात नळी पिवळी.
पालक पालकासारखा दिसायला लागला.

तीन नंबरच्या खुर्चीवर रेबेलो अंकल.
चार तास कुणाशी तरी बोलायला हवं त्यांना.
"म्हणजे मासे घाण करतात, पाला ती पितो,
पाणी परत साफ? आणि त्यांना सुई नाय टोचत?"
"नाही."
"नशीबवान." मग म्हणाले, "थोडा पालक आण की."
पालक त्यांना बंद. पोटॅशियम.
दोनदा उकळायचा, दोन्ही पाणी फेकायची, मग चार चमचे.
"मग त्याच्यात उरला काय? चोथा?"
दुसऱ्या दिवशी पुदिन्याची एक काडी नेली,
नुसती वासाला.
शर्टाच्या खिशात खोचली त्यांनी,
आणि नळ्या छातीवरून गेलेल्या, त्यांच्या मागे
ते हिरवं टोक चार तास.

मे महिन्यात रात्री दोनला लाइट गेली.
पंप थांबला.
ती शांतता मला पाठ आहे.
कामावर मशीन बंद पडलं तर
हँडल लावून हातानं फिरवायचं,
रक्त गोठायच्या आत.
मी धडपडत बाहेर आले तर
आय आधीच स्टुलावर बसलेली,
मोबाईलचा टॉर्च दातांत,
तांब्यानं पाणी उचलून उंचावरून सोडत होती.
उचलून, सोडून.
हाच हात पाटीतल्या माशांवर पाणी मारायचा,
मेलेले ताजे दिसावेत म्हणून.
मी म्हटलं, दे, मी करते.
तोंडात टॉर्च, त्यामुळे उत्तर नाही.
नुसती मान हलली.
पहाटे चारला पंप गुरगुरला तेव्हा
तिचं कोपर उतरलेलं,
जमिनीवर तळं,
आणि नऊच्या नऊ वर तोंडं काढून,
जसं काही झालंच नाही.

अळू माजलंय आता. पानं दारापर्यंत येतात,
शेजारच्या तिघी फदफद्यासाठी मागून नेतात.
चिलाप्या विताएवढ्या झाल्या.
खायच्या कधी, हा विषय
घरात कुणी काढत नाही.

काल आयनं बोंबील आणले.
ओले, पिशवीत,
पिशवीवर पदर.
दारातून सरळ पिंपाशेजारून वाट आहे,
ती न घेता
भिंतीला घासत, कपाटामागून
स्वयंपाकघरात गेली.