चौथा मडफ्लॅप

गाडीला आवाज नाही, म्हणून खडा ऐकू येतो.
जुन्या डिझेलच्या गाडीत पंधरा वर्षं
काय काय लागत गेलं असेल दाराला,
इंजिनाच्या घरघरीत सगळं खपून गेलं.
हिच्यात खपत नाही.
गारगोटीच्या रस्त्यावर खडी पसरलेली
आणि पायांखालून एकेक,
टिक्. टिक्.
माझ्या न फिटलेल्या हप्त्यांवर
कुणी नखानं टिचक्या मारतंय.

सहाव्या महिन्यात दिसलं:
मागच्या दाराच्या खाली, कमानीपाशी,
निळ्यात पांढरे ठिपके,
गोचीड उपटल्यावर कासेवर उरतात तसे.
लेकीचं निळं नेलपॉलिश लावून बघितलं.
लागलं. जुळलं नाही.

कुणी दगड मारला म्हणावं तर कुणीच नाही.
हिचीच पुढची चाकं
हिच्याच मागच्या दारावर उडवतात.
आई ओरडायची, टाच उचलून टाक गं,
चप्पल फटाफटा वाजवत चाललीस की
शिंतोडे बघ, पाठीपर्यंत.
मी मान वळवून बघायचे.
पाठ कुणाला दिसते?

उद्यमनगरात बाबालाल शिकलगार.
कुरिअरनं आलेलं पाकीट त्यानं फाडलं:
चार फ्लॅप, अकरा स्क्रू, कागद नाही.
फरशीवर मांडले, उलटे केले, सुलटे केले,
मग हसला.
"डाक्टरीणबाई, मागलं डावं दोनदा हाय.
तुमचं उजवं गेलंय कुणाच्या तरी घरी."

ड्रिल मारणार का, मी विचारलं.
"छ्या! खाली बॅटरी झोपलीया.
आपण भोक पाडायचं न्हाई,
कंपनीनं पाडल्यात ती हुडकायची."
चाक पूर्ण वळवून घेतलं,
कमानीत हात घातला खांद्यापर्यंत,
डोळे पत्र्याच्या छताकडं, बघणं सगळं बोटांत.
तो चेहरा मी ओळखते.
अडलेल्या गाईत हात घालून
वासराचं डोकं चाचपताना
माझाही असाच होत असणार.
"गावलं," म्हणाला.

तीन बसले.
चौथ्यासाठी माळ्यावरनं काळा पट्टा काढला,
साखर कारखान्याच्या कन्व्हेअरचा, भंगारात घेतलेला,
कडेला चिपाडाचे तंतू अजून चिकटलेले.
जादाचा डावा त्यावर पालथा ठेवून
खडूनं आखलं, आरीनं कापलं.
"माझा बा ट्रकाच्या फ्लॅपवर मोर काढायचा.
तुमच्यावर काढू?"
नको म्हटलं.
परतीच्या वाटेवर वाटलं, काढू द्यायला हवा होता.

रंगापासून त्यानं बोटभर जागा सोडली.
"न्हाईतर मधी चिखल बसतोय,
आन् राखणदारच रंग खातोय.
चार म्हैन्यांनी काढून धुवायचं."
रेंज कमी होईल का?
"हुईल की. वारं अडणार.
आप्पाचीवाडीपातुर जात हुता, तर
आप्पाचीवाडीच्या येशीपातुर जाशीला."
तीनशे घेतले. चौथ्याचे काही नाही.
भंगाराचं काय घ्यायचं, म्हणाला.

त्याच आठवड्यात पहाटे चारला फोन.
मुदाळतिट्ट्याच्या पुढं म्हैस अडलेली.
समोर उसाच्या ट्रॉल्या, मध्ये ओली माती, खडी,
मी काच खाली घेऊन ऐकत होते.
थप्. थप्.
आणि मागं उजवीकडं, एका अंगाला,
जरा जाड, जरा उशिरा,
धप्.

सहाला रेडकू बाहेर आलं, जिवंत.
हात धुवायला बादली घेऊन
घरातली म्हातारी गाडीपाशी आली,
वाकली, बोटानं दाबून बघितलं.
"ह्यो एक येगळा हाय की गं."
व्हय, म्हटलं. तो हितला हाय.
तिनं तेच बोट लुगड्याला पुसलं
आणि आत गेली, चहा टाकायला.