वीस मायक्रॉन

अजिंठा चौफुलीच्या पुढे, पत्र्याच्या शेडखाली
दुपारी दोनला पारा सेहेचाळीस.
मशीन पोट उघडं टाकून पडलंय.
एकीकडे नवी सर्व्हो मोटर, अजून पिशवीतच,
दुसरीकडे बॉलस्क्रू, ग्रीसमध्ये निजलेला,
आणि दोघांच्या मधे बोटभर रिकामी जागा.
त्या जागेत काय घालायचं
एवढाच प्रश्न घेऊन मी तीन दिवस बसलेय.

भंगाळेशेठना गोल हवाय.
ठिबकच्या नळीचा साचा, त्यात आठ मिलिमीटरचा गोल.
जुन्या कपलिंगवर गोल यायचा, नाही असं नाही,
पण जिथे अक्ष दिशा बदलतो
तिथे एक बारीक पायरी.
नखाला लागत नाही.
शेठ म्हणतात, पाण्याला लागते.

जुनं कपलिंग खोललं तेव्हा आतला लाल रबरी तारा
झिजून कुंकवासारखा हातावर आला.

कादिर मिस्त्री म्हणाले,
"सॉलिड टाक ना पोरी. लोखंडाला लोखंड.
खेळच राह्यला नाही तर झगडा कशाचा?"

टाकलं होतं मी एकदा, धुळ्याला, अवधानच्या कारखान्यात.
सकाळी गार मशीनवर सगळं सुतासारखं सरळ.
दुपारी स्क्रू तापला, लांबला, मोटरला रेटू लागला.
आठवडाभर बेअरिंग गुणगुणलं,
अकराव्या दिवशी शाफ्टच तुटला.
तुटल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेषा,
रोज थोडं थोडं वाकल्याच्या नोंदी.
मी त्या बोटाने मोजल्या होत्या. सांगितलं नाही कुणाला.

मग ते ॲल्युमिनियमचं, मळसूत्री चीर दिलेलं.
दिसायला गोड, वाकायला तयार.
पण मोटर म्हणते वळ,
तर ते आधी स्वतःलाच पीळ घालून घेतं
आणि मग स्क्रूला निरोप देतं.
तेवढ्यात गोल चुकलेला असतो.

पुण्याहून कुरिअरने आलंय ते तिसरं:
स्टीलच्या कागदासारख्या चुण्या, फुंकर मारली तर वाजेल असं.
किमतीत म्हैस येणार नाही, पण शेळी नक्की येते.
"हा तर पेटीचा भाता," मिस्त्री म्हणाले,
आणि त्यांनी हात पुसूनच उचललं.
पिळायला बघितलं. तसूभर हललं नाही.
"अन् वाकडं लावलं तर?"
तर फाटेल. भात्याला माफी ठाऊक नाही फारशी.
दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणायचे ते आपणच,
ते काम तो आपल्यावर टाकतो.

म्हणून डायल लावला.
काटा पंधरा घरं इकडे, पंधरा घरं तिकडे.
कोल्ड्रिंकच्या डब्यातून शिम कापले,
ब्रॅकेटखाली एक सरकवला, एक काढला,
अर्धा तास लाइट गेली, टॉर्च तोंडात धरला.

सगळे म्हणतात जुळणी सकाळी करावी, गारव्यात.
मी नाही केली.
स्क्रू दोन तास पळवला, गरम केला,
आणि तापलेला असतानाच काटा बघितला.
हे मशीन काय एसी खोलीत राहणार आहे?
त्याला इथेच जगायचंय, या पत्र्याखाली,
रावेरच्या केळीचे ट्रक रस्ता हलवत जातात तिथे.

काटा दोन घरांत थांबला. वीस मायक्रॉन.
थिनरने शाफ्ट पुसले,
चावी नाही, बारका स्क्रू नाही, नुसती पकड.
टॉर्क पान्याने एकदा 'कट्' म्हटलं.
एकदाच म्हणायला हवं असतं.

गोल कापला.
मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला, नख फिरवलं,
मग दुसऱ्या बोटाचं नख फिरवलं.
बोलले काहीच नाहीत.
कळण्याच्या भाकरीचा डबा माझ्याकडे सरकवला,
ठेचा आधी स्वतः घेतला.

भंगाळेशेठनी फोनवर किंमत विचारली,
ऐकून जरा वेळ गप्प राहिले.

निघताना मिस्त्रींनी तो झिजका लाल तारा
वर्तमानपत्रात गुंडाळून खिशात घातला.
नातीला म्हणे असलं काहीबाही लागतं.