साखरेचं वळण

खाला इन्शिराह बदकांच्या पिलांना तोंडानं भरवते.
मक्याचे दाणे आधी आपल्या गालात भिजवते,
मग चोच उघडून, ओठ लावून, आत फुंकर घालते.
तिच्या आईनं असंच केलं, आईच्या आईनंही.
मनूफियातल्या तिच्या गच्चीवर, डिशच्या तबकडीखाली,
वाळल्या ताटांच्या ढिगाशेजारी
बावीस बदकं.
त्यातलं एक माझ्या बाळंतपणासाठी राखलेलं.

मी कैरोत, दोक्कीच्या प्रयोगशाळेत, नळ्यांवर नावं लिहिते.
फेब्रुवारीत एका नळीवर तिचं नाव लिहिलं.
अक्षर नेहमीसारखंच आलं, त्याची लाज वाटली.

तू विचारलं होतंस ना, खाला,
ऑक्सिजनच्या मास्कमधून, भिजलेल्या आवाजात,
"पाखराचं दुखणं माणसाला सापडलं कसं?"

ऐक. पेशीच्या अंगावर साखरेची लव असते.
चहातली नव्हे. तू चार चमचे घालतेस ती वेगळी.
लवेच्या टोकाला एक शेवटचा कण,
आणि तो खालच्या कणाला कुठून जोडलाय
यावर सगळं.
बदकाच्या आतड्यात एका बाजूनं,
तुझ्या-माझ्या नाकाघशात बहुतेक दुसऱ्या.
एवढंच. सांध्यातलं एक वळण.
पाखराचा विषाणू आपल्या नाकात चाचपडतो,
मूठ मिटतो, हाती काही लागत नाही,
शेंबडात अडकून वाहून जातो.
हजारदा तू फुंकर घातलीस
आणि हजारदा काही झालं नाही.

पण फुप्फुसाच्या अगदी तळाशी,
जिथे श्वास पोचून थांबतो,
काही पेशींवर ते पाखरांचंच वळण आहे.
पापणीच्या आडही.
म्हणजे, खाला, आपण खोलवर थोडे बदक आहोत.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले होते.

तिथे तो लागतो.
एका साखरेची पकड कच्ची, म्हणून एकदम कितीतरी धरतो,
कुसळं लोकरीला धरतात तशी.
दार फोडत नाही. टीव्हीवर हल्ला म्हणतात;
हल्ला कसला, पेशीच त्याला आत ओढते.
कातडीला खळी पडते, खळीची पिशवी होते,
पिशवी आत सुटते.
घास घेतल्यासारखा घेते ती त्याला.

मग पिशवी आंबत जाते.
ही पेशीची पचवायची रीत,
आणि नेमका तो आंबटपणाच त्याला हवा असतो.
आंबट लागलं की त्याचं मिटलेलं प्रथिन झटक्यात उलगडतं,
एक आकडा पिशवीच्या भिंतीत रुतवतं,
कमरेत वाकतं, आणि दोन कातड्यांची एक होते.
भोक पडतं.
आठ चिठ्ठ्या बाहेर येतात.
मी पाहिलेल्या नाहीत, पुस्तकात आठ आहेत.
त्या गाभ्यात जातात, आणि पेशी त्या वाचत बसते,
घरचंच पत्र आल्यासारखी.

पांढऱ्या कपड्यातली माणसं पोती घेऊन आली
तेव्हा घरच्यांनी एक बदक कपड्यांच्या मशीनमध्ये लपवलं.
माझं.
शेजारच्या रावयानं मला सांगितलं.
मी पुढे कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.
तीन दिवसांनी ते मशीनमध्येच मेलं.

तू घरी आलीस. उशाशी जागलेल्या कुणालाच लागण नाही.
तुझ्यातून वर येताना त्याला पुन्हा
आपल्या नाकाघशातलं ते वळण आडवं आलं.
त्याला ते अजून जमत नाही.
'अजून' हा शब्द आमच्या प्रत्येक अहवालात असतो,
आणि तो टाइप करताना माझं बोट थबकतं.

मला सातवा लागलाय.
काल आपण दोघी रिकाम्या गच्चीवर बसलो होतो.
ताटं तशीच. पाण्याची परात कोरडी.
तुझा एक गाल फुगलेला दिसला.
काय आहे तोंडात, विचारलं.
तू बोलली नाहीस, हात नुसता मक्याच्या डब्यावर.
थुंक, म्हटलं, खाला, थुंक.

तू माझ्याकडे बघत
सावकाश गिळलंस.