वस्त्रगाळ

काइनूचं जंगल, उणे एकोणतीस.
रात्रपाळीला मी आणि पिर्क्का,
आणि चार मजल्यांचा एक लोखंडी घसा.
स्प्रूसची साल, फांद्या, भुसा, सगळं गिळतो,
धड जळू देत नाही, धड विझू देत नाही.
त्यातून वायू निघतो तो
गावभर उंडारून आलेल्या पोरासारखा:
अंगावर राख, केसांत डांबर,
खिशात लपवलेलं चिमूटभर गंधक.

त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं म्हणजे
आधी गाळणीच्या उंच नळ्यांतून राख झाडा,
मग मोहरीच्या भावकीतल्या एका तेलाने अभ्यंग,
मग पाणी, मग कोळशाची खोली, मग जस्ताची.
एवढं वस्त्रगाळ करूनही डोळा मीटरवरच.
कारण पुढे कोबाल्ट बसलाय,
आणि कोबाल्ट भारी सोवळा.
अब्जात शंभरेक कण गंधकाचे शिवले
की भरल्या ताटावरून उठतो,
परत बसत नाही.

मागच्या फेब्रुवारीत उठला होता.
जस्त संपत आल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही.
म्हणजे माझ्या.
नोंदवहीत सही आहे.

माझे खापरपणजोबा तहवो
याच नदीकाठी डांबर काढायचे.
उभ्या पाइनची साल तासून
चार वर्षं थांबायचं, खोड राळेने भरेपर्यंत.
मग तोडून, रचून, मातीखाली आठ दिवस धुमसवायचं,
आणि पन्हळीतून पहिली धार आली
की डोक्यावरची टोपी काढायची.
पिंपं होडीतून समुद्राकडे जायची,
येताना मीठ यायचं, पीठ यायचं.
अंगाला लागलेला वास
शवपेटीतही त्यांच्यासोबत गेला, असं आई सांगते.

त्यांनी थेंबथेंब जमवलेलं
मी थेंबथेंब काढून टाकते.
हे त्यांना कसं सांगावं?
सांगू नकोस, पिर्क्का म्हणतो. कॉफी घे.

साडेपाचला झडप उघडली.
बाटलीच्या तळाशी दोन बोटं तेल, निवळशंख.
दिव्यासमोर धरलं तर आरपार
पिर्क्काची दाढी दिसते, एकेक केस.
हुंगलं.
झाड नाही, धूर नाही, कुणाचा हात नाही.
यावर विमानं उडतील म्हणतात.
उडोत बापडी.

पाळी संपली. हातमोजे
धुण्याच्या टोपलीत टाकता टाकता दिसलं,
डाव्याच्या अंगठ्यावर एक काळा, चिकट ठिपका.
गाळणी बदलताना लागला असणार.
उजवा टाकला.
डावा खिशात घालून
मी बाहेर बर्फात आले.